घरी जाणार नाही

"स्वयंपाकघरात काच फुटली हो, हात कापला पोरीचा," मुनीरा मावशीने इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीशी परस्पर सांगून टाकलं. खुलूदला तिने तोंड उघडूच दिलं नाही. खिडकीतल्या माणसाने हाताला गुंडाळलेल्या टॉवेलकडे पाहिलं आणि निमूट लिहून घेतलं.

खुलूद अठरा वर्षांची. आई समुद्रापलीकडे पालेर्मोला घरकामाला गेल्यापासून ती इथे स्फाक्स शहरात मावशीकडेच राहायची. सकाळी नवाला दोघी आल्या होत्या. दुपारची अजान झाली तेव्हा कुठे आत बोलावलं.

परिचारक लुत्फीने टॉवेल सोडला आणि जुने व्रण पाहून तोंड वाकडं केलं. "काच म्हणे! आम्ही काय आंधळे आहोत?"

पहिला टाका त्याने तसाच घातला. खुलूद किंचाळली.

"बधिर करायचं इंजेक्शन द्या ना!"

"स्वतः करताना नाही दुखलं, आता बरं दुखतंय! बाहेर अपघातातली माणसं ताटकळलीत, आणि इथे हे चोचले."

तिने हात ओढून घेतला. "इंजेक्शन दिल्याशिवाय हात लावायचा नाही."

धुसफुसत का होईना, त्याने दिलं.

मग डॉक्टर आले, तेही उभ्याउभ्याच. "घरी जा. चार दिवसांनी पट्टी बदल. आणि असला वेडेपणा पुन्हा नको, समजलं?"

"मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटायचंय मला."

"त्यासाठी वेगळी चिठ्ठी लागते."

"मग द्या की!"

"नको, नको!" मावशी मध्ये पडली. "कागदावर तसलं काही लिहू नका, डॉक्टर. पुढे तिचं लग्न व्हायचंय."

खुलूदच्या डोक्यात तिडीक गेली. "काच फुटली नव्हती, मावशी! मी केलं ते. घरी नेलंत तर पुन्हा करीन, ही भीती मलाच वाटतेय. सकाळपासून पाच जणांनी नाव विचारलं, वय विचारलं, बापाचं नाव विचारलं. काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. मी इथून हलणार नाही!"

शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली. मावशीने शरमेने डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढली. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण फोन उचलला.

तासाभराने वरच्या मजल्यावरून मानसोपचाराच्या डॉक्टर इमान आल्या. त्यांनी पडदा ओढला, मावशीला बाहेर बसायला सांगितलं आणि स्वतः खुर्ची ओढून बसल्या.

"काय झालं, खुलूद?"

इतका वेळ ज्याची वाट पाहिली तो प्रश्न आला. पण तिच्या तोंडून आधी नुसता संतापच बाहेर पडला. "इतका वेळ कुठे होतात तुम्ही?"

"वरच होते गं. मला कुणी कळवलंच नाही," त्या म्हणाल्या. "चुकलंच हे. मी कुठे जात नाहीये आता. सावकाश सांग."

खुलूद रडली, मग तुटक तुटक सांगू लागली. डॉक्टर इमाननी तिला घरी पाठवलं नाही. वर एक खाट मिळवून दिली.

पडद्यापलीकडे मावशी फोनवर आईला सांगत होती, "काही नाही गं, पोट दुखतंय जरा पोरीचं."

पुन्हा भांडायचं त्राण खुलूदमध्ये उरलं नव्हतं.

"आईला मीच सांगेन," ती डॉक्टरांना म्हणाली. "पण आज नाही."