अकरा दगडांचा नवस

मी शहागडच्या तुळजाबाईंच्या देवघरातला पांढरा दगड बोलतोय. माझी गोष्ट त्यांच्या एका नवसापासूनच सांगावी लागेल. साल सत्त्याण्णव. त्यांची लेक प्रभावती बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. तुळजाबाईंनी मला ताम्हणात घेतलं, वर गोदावरीचं पाणी घातलं आणि पदर पसरला. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

"रामेश्वरा, लेकीला सुखरूप मोकळी कर. म्या गंगेचं पाणी घेऊन तुझ्या दारी येईन, आन् तुझ्या समुद्रातले असेच अकरा दगड आणून अकरा सवाष्णींच्या देवघरात बसवीन."

नात झाली, धडधाकट. घर हसलं. मी मात्र त्या अकराच्या आकड्याशी अडकून पडलो.

कारण मी दगड नाही. पण हे सांगायला मला तोंड कुठलं? रामेश्वराजवळच्या उथळ समुद्रात माझा जन्म झाला. मोहरीएवढे हजारो जीव एकमेकांना धरून राहायचे, अंगातून चुना काढून घरं बांधायचे. ते सगळे मिळून मी. त्या जिवांच्या पोटात त्याहून बारीक शेवाळ नांदायचं. ते उन्हावर आमच्यासाठी रांधायचं, आम्ही त्याला आसरा द्यायचो. माझा सोनेरी-तपकिरी रंग त्याच्यामुळेच. माझ्या फांद्यांत मासे लपायचे, खेकड्यांचे संसार चालायचे. शिकलेली माणसं आम्हाला प्रवाळ म्हणतात.

त्र्याऐंशी साली कुणीतरी पहारीनं मला तोडलं आणि उन्हात टाकलं. अंगातले जीव मेले, घाण वास सुटला, मग धुऊन धुऊन मला पांढरं केलं. यात्रेला आलेल्या तुळजाबाईंनी मला पाहून हात जोडले. "कसा शुभ्र हाय! रामाच्या सेतूचाच असंल." त्या माझ्या हाडांना नमस्कार करत होत्या. पण भाव खरा होता, म्हणून मला कधी राग आला नाही. रोज पाणी, रोज गंध. सोळा वर्षं एवढी माया कुणाला मिळते?

नव्याण्णवच्या महाशिवरात्रीला नवस फेडायला गाडी निघाली. गाडीवर गयासोद्दीन होता, रामेश्वराच्या कितीतरी खेपा केलेला. नमुना म्हणून तुळजाबाईंनी मला पिशवीत घेतलं. वाटभर मला एकच वेड, आपण घरी चाललो!

अभिषेक झाला. किनाऱ्यावर एक म्हातारी शंख-शिंपले मांडून बसली होती. तुळजाबाईंनी मला तिच्यापुढे धरलं.

"असे अकरा पाहिजेत म्हनावं, गयासदादा. बराबर असेच पांढरे."

म्हातारी मोडक्या हिंदीत काहीबाही बोलली. गयासोद्दीननं डोकं खाजवलं.

"मावशी, ती म्हन्ते, पैले तोडून, वाळवून, धुवावं लागायचं, तवा कुठं पांढरे व्हायचे. आता ती मेहनतच न्हाई. समुद्रातूनच पांढरे निघून राह्यले."

"म्हंजी?"

"जिंदे असतात हे. मागच्या उन्हाळ्यात पानी तापलं ते तापलंच. रंग गेला, उपाशी मेले. जे वाचले त्यांना बिमारी लागली, अंगावर चट्टे पडून झडून राह्यले."

तुळजाबाईंनी हातातल्या माझ्याकडे पाहिलं. "मंग ह्यो? ह्यो बी जिता होता?"

"हौ, मावशी."

ओहोटी होती. गुडघाभर पाण्यातून म्हातारीनं त्यांना आत नेलं. मी माझं घर पाहिलं. देवा, नसतं पाहिलं तर बरं! जिकडेतिकडे हाडं. काहींवर करडं, झुबक्याझुबक्यांचं शेवाळ चढलेलं. मासा एक नाही. फक्त एका कोपऱ्यात परातीएवढा तुकडा अजून तपकिरी होता, जिवंत होता. म्हातारीनं त्यावर पहार उचलली. याचेच अकरा चांगले निघतील, म्हणाली.

तुळजाबाईंनी तिचं मनगटच धरलं. "न्हाई बाई! ऱ्हाऊ द्या त्याला."

"मेलेले तरी घ्या, मावशी," गयासोद्दीन म्हणाला. "नवसाचं काम हाय. पर म्हातारी म्हन्ते, मेलेल्यावरच नवी पिल्लं येऊन बसतात."

तुळजाबाईंनी पाण्याखालच्या त्या पांढऱ्या हाडांकडे पाहिलं. मागे नात, पुढे देवाला दिलेला शब्द. मग त्यांनी डोळे मिटले आणि पाण्यातल्या एकेका खडकाला हात लावत अकरा सवाष्णींची नावं घेतली. झुंबरबाई, कांताबाई, उषाबाई... अकरा झाली. एकही दगड उचलला नाही.

शहागडला आल्यावर मावंदं घातलं, यात्रेनंतरचं जेवण. झुंबरबाई पानावरूनच म्हणाली, "का गं तुळजे, एवढ्या लांब गेल्ती, आन् दगड सुदिक भेटला न्हाई? का आमचं देवघर न्हाई पटलं?"

"तुमच्या नावाचा तिथंच बसवून आले, झुंबरबाई. समुद्राचं बी देवघरच की."

"नवस बुडवला म्हन की सरळ!"

आणि आठच दिवसांत, मावंद्याला आईसोबत आलेल्या नातीला ताप भरला. गाव कुजबुजलं. प्रभावती रडून म्हणाली, "आई, मेलेलेच आणायचे होते. काय बिघडलं असतं?" तुळजाबाई उशाशी बसून होत्या. पोरीच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवायच्या, ती गरम झाली की बदलायच्या. एकदा माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "त्या समुद्राच्या कपाळावर कोन घडी ठेवील रे?"

अंबडच्या डॉक्टरांचं औषध लागू पडलं. चौथ्या दिवशी पोरीनं भाकरी मागितली. तुळजाबाई तेव्हा कुठे रडल्या.

परवा गयासोद्दीन पुन्हा रामेश्वरी जाऊन आला. दारातच उभा राहिला. "मावशी, त्यो कोपरा... अर्धा गेला. अर्धा हाय."

"हाय ना?" त्या म्हणाल्या. "मंग नाव घेत जा त्याचं."

एका बाईच्या नवसानं समुद्र निवणार नाही, हे मला कळतं. त्याला ताप आणणारा धूर फार ठिकाणांहून उठतो, या आपल्या शहागडच्या हमरस्त्यावरूनही. पण वाचलेल्या अर्ध्यात अजून कुणीतरी चुन्याचं घर बांधतंय. तुम्ही कधी त्या किनारी गेलात, तर तुळजाबाईंसारखं करा. आपल्या माणसाचं नाव घेऊन एका खडकाला हात लावा, आणि त्याला तिथंच नांदू द्या.