शेजारणीचा प्रश्न

चमचे कुठल्या खणात आहेत, हेच एलिकेमला माहीत नव्हतं. त्याने तिसरा खण ओढला. त्यात नुसत्या मेणबत्त्या. मागे टेबलाशी मार्टा कॉफीचा कप पुढे घेऊन बसली होती.

"राहू दे, बिनसाखरेची घेते," ती म्हणाली.

राजधानी आक्रातलं हे घर त्याचा मित्र फिफी याचं होतं, एका दिवसापुरतं मागून घेतलेलं. वडिलांना लकवा झाल्यापासून एलिकेम राहत होता केटाला, समुद्राकाठच्या त्याच्या गावी. त्याची कंपनी युरोपातली. सॉफ्टवेअर लिहिणारा जिथे राहतो तिथल्या महागाईप्रमाणे ती पगार द्यायची. राजधानीत जास्त, लहान गावात बराच कमी. गाव बदलल्याचं त्याने कळवलंच नव्हतं. त्या वरच्या पैशांवर वडिलांचा व्यायाम घ्यायला रोज माणूस येत होता. आणि आता त्याची वरिष्ठ मार्टा आक्राला आली होती. "हॉटेलात जीव रमत नाही, तुझ्या घरी बसू," असं तीच म्हणाली होती.

दार वाजलं. बाहेर शेजारची म्हातारी उभी होती.

"तू कोण रे?" तिने ट्वी भाषेत विचारलं. "फिफी कुठंय?"

"आंटी, मी त्याचा मित्र."

"मला नाही बोलला तो. वरच्या मजल्यावरही असाच एक मित्र आला होता, टीव्ही घेऊन गेला. या घरात काय करतोयस? नीट सांग, नाहीतर खालच्या पोरांना हाक मारते."

खालची पोरं चोराचं काय करतात ते एलिकेमने एकदा पाहिलं होतं. त्याने फिफीला फोन लावला. बंद.

मार्टा उठून मागे आली. "काय म्हणतायत त्या?"

तिला ट्वीचं अक्षर कळत नव्हतं. मीठ मागतायत, एवढं म्हटलं तरी भागणार होतं. शब्द ओठांवर आलेही. तेवढ्यात त्याला म्हातारीचा चौकटीवरचा हात दिसला. तिने चौकट घट्ट धरली होती आणि एक पाऊल आधीच मागे घेतलं होतं. इतके दिवस तो सगळ्यांना भीत आला होता. त्याला भिणारं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"मी कोण आणि या घरात काय करतोय, असं विचारतायत," तो मार्टाला म्हणाला. मग म्हातारीकडे वळला. "आंटी, हे घर माझं नाही. मी केटाला राहतो, वडिलांपाशी. या बाईंना मी खोटं सांगितलंय."

तेच त्याने मार्टालाही सांगितलं, तिच्या भाषेत.

म्हातारीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आणि पाहुणीला नुसत्या काळ्या पाण्यावर बसवलंस होय," असं पुटपुटत ती गेली, आणि मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, केंके, अन् तळलेली मासळी घेऊन आली.

मार्टाने ताट जरा बाजूला सारलं. "तू काहीही सांगितलं असतंस तरी मला कळलं नसतं."

"हो."

"आता मला वर कळवावं लागेल, एलिकेम."

"माहीत आहे."

नोकरी राहिली. पगार केटाचा झाला, आणि आधी जास्त घेतलेलं दर महिन्याला कापलं जाऊ लागलं. व्यायामाचा माणूस आता फक्त शनिवारी येतो. एरवी काम आटोपून एलिकेमच वडिलांचा हात खांद्यावर घेतो आणि त्यांना वाळूत उतरवतो. दोन पावलं झाली की ते थांबतात, धापा टाकतात.

"तुला घाई तर नाही ना?" ते विचारतात. जीभ अजून जड आहे.

"नाही, पापा."

आणि पुढचं पाऊल पडेपर्यंत त्यांचा भार घेऊन तो उभा राहतो.