रिकामी पळणारी मशीन

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. कुरकुर करायची सवय आहे मला, पण त्याला कारण आहे. सुईखाली कापड पुढं सरकवणारे माझे बारीक दात पार झिजून गेलेत, आणि ते काही कपडे शिवून झिजलेले नाहीत.

नवी होते तेव्हा काय माझा तोरा! काळाभोर रंग, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. मास्तरीणबाई पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग घेत. अख्ख्या गल्लीतल्या पोरांचे शाळेचे गणवेश माझ्या सुईखालून गेले. "हिची शिवण उसवून दाखवा," असं बाई ऐटीत म्हणत. पुढं रेडीमेड कपड्यांची दुकानं आली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागले. मेला तो अपमान!

मग एक दिवस वकीलताई आल्या. बायकांना त्यांचे हक्क समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांनी सभा ठेवली, तर एक बाई फिरकेल तर शपथ! "कायदा शिकून घर मोडायचंय का?" असं घरोघरी दटावलं होतं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "माझ्याकडे या. शिवणाचा वर्ग म्हटलं की कोणी हूं की चूं करणार नाही."

झालं! दार लोटायचं, मास्तरीणबाईंनी मला धाडधाड पळवायचं आणि त्या आवाजाआड वकीलताईंनी शिकवायचं. ना धागा, ना कापड! मध्ये कापड नसलं की माझे दात, वरून कापड दाबून धरणाऱ्या पट्टीवरच घासत. जीव जायचा, पण ऐकायला मजा यायची. नुसतं ऐकून भागत नसे, प्रत्येकीला उभं राहून बोलून दाखवावं लागे. एखादी गळ्यात टेप अडकवून सासरा व्हायची, नसलेल्या मिशीला पीळ द्यायची, आणि दुसरी तिला ठणकावायची, "वाचल्याशिवाय मी सही करणार नाही!" हसून हसून पुरेवाट.

फक्त घाईबाई हसत नसे. उशिरा यायची, लवकर पळायची, म्हणून तिला ते नाव. नवरा वारलेला, पदरात लहान मुलगी, आणि दीर तिला घराबाहेर काढायला टपलेला. "राहत्या घरातून तुला कोणी मनाला येईल तसं काढू शकत नाही. त्याला कोर्टात जावं लागेल," वकीलताई तिला सांगत. ती मान डोलवायची. बोलायची पाळी आली की "पोरगी एकटी आहे" म्हणत पळायची.

पण एक गोष्ट आम्हाला नडली. हा दीर धंद्यानं शिंपी, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

एका दुपारी दार धाडकन उघडलं. "मशीन रिकामी पळतेय," तो म्हणाला. "कापडावर चालणारी मशीन अशी वाजत नाही. कसली खलबतं चाललीत?"

मास्तरीणबाईंचा पाय थांबला.

त्यानं खिशातून कागद काढून माझ्या फळीवर आपटला. "वहिनी, सही करा. तुमचं सामान टेम्पोत भरलंय. भाऊ गेला, आता तुमचं इथं काय?"

वकीलताई उठल्या. "तुम्ही मध्ये पडू नका!" तो ओरडला.

घाईबाईनं पेन हातात घेतलं. अगं नको, अगं ठेव ते, असं ओरडावंसं वाटलं मला, पण मला कुठं तोंड?

पेन कागदाला टेकलं. मग तिनं दुसऱ्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि अडखळत मोठ्यानं वाचू लागली.

"वाचत काय बसलात!" दीर गरजला.

ती वाचतच राहिली. "मी... माझ्या... खुशीनं... घर सोडत आहे." तिथं बोट थांबलं.

"मी खूश नाहीये, भाऊजी," ती म्हणाली. आवाज फाटला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "सही करणार नाही. काढायचंच असेल तर कोर्टाचा हुकूम आणा."

त्यानं खोलीत नजर फिरवली. एकेक करून साऱ्याजणी उठून उभ्या राहिल्या होत्या. कागद मुठीत चुरगाळून तो तरातरा निघून गेला. टेम्पोतली ट्रंक आणि मुलीचं अंथरूण बायकांनीच उचलून परत घरात नेलं.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी धूळ पुसा, जमलं तर नवे दात बसवा. पण तुमची आई, काकू, ताई काही शिकायला बसली, तर दार लोटून घ्यायची वेळ तिच्यावर आणू नका. मला कपडे शिवायचेत, कोणाचं बोलणं झाकायचं नाहीये.