मायेनं लेक म्हटलं

म्हातारीच्या जिभेनंच घात केला होता. परक्या देशात आसरा मागत होती सून. म्हातारी नुसती सोबत आणि साक्षीदार. पहिल्या चौकशीत साहेबानं "ही तुमची कोण?" विचारलं, आणि म्हातारी सवयीनं बोलून गेली, "माझी लेक." दुभाष्यानं जसंच्या तसं सांगितलं, कागदावर मायलेकी झाल्या. सुनेनं मात्र दुसऱ्या खोलीत "सासूबरोबर आले" म्हणून सांगितलेलं. झालं! एक तर नातं खोटं, नाहीतर सगळंच खोटं, असं म्हणून अर्ज फेटाळला. आता ही शेवटची सुनावणी. इथं बिनसलं तर सुनेची रवानगी थेट नवऱ्याच्या दारात.

टेबलापलीकडे चष्मा लावलेली अधिकारी बाई होती, शेजारी दुभाषी.

"खरं नातं सांगा," बाई म्हणाली.

"सून आहे. लेक म्हटलं ते मायेनं. आमच्यात चांगल्या सुनेला लेकच म्हणतात. वाईट सुनेला काय म्हणतात ते विचारू नका."

दुभाषी हसला, बाई हसली नाही. "मग हिला मारायला उठला तो कोण?"

सुनेनं मान खाली घातली. काय केलं होतं हो तिनं? थेरड्याशी लग्न नको म्हणून पळालेल्या एका मुलीला घरात लपवलं, एवढंच. गावातल्या चौघांनी नवऱ्याचे कान भरले, घराण्याचं नाक कापलं म्हणाले. सून पोलिसांकडे पळाली, तर त्यांनी तिला दोनदा घरी आणून सोडलं. घरचं भांडण घरात मिटवा म्हणे!

"आई, राहू द्या," सून पुटपुटली.

"गप गं." म्हातारीचा आवाज हलला नाही. "तो माझा मुलगा. एकुलता एक. रॉकेलचा डबा त्याच्या हातातून मी हिसकावला. आईनं सांगितलं म्हणून लिहा. आणि हेही लिहा, हिनं त्या पोरीला लपवलं याची मला लाज नाही. छाती फुगते माझी!"

सुनेला हुंदका आवरेना. बाई बराच वेळ लिहीत राहिली.

"हिला परत पाठवणार नाही," शेवटी ती म्हणाली. "तुम्ही मात्र खुशाल घरी जा. तुम्हाला तिथं धोका नव्हता."

"आत्तापर्यंत नव्हता, बाई," म्हातारी ताठ बसत म्हणाली. "आता माझाही अर्ज घ्या."