झिजवलेल्या चेहऱ्याचा सूड

मित्रांनो, मी एका फोटो स्टुडिओतली जुनी हार्डडिस्क आहे. रंगाने काळी, एका कोपऱ्यावर पोचा आलेली. माझी हकिगत ऐकून हळहळू नका. मी सूड घेतला आहे आणि मला त्याचा पस्तावा नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट फोटोकाकांच्या टेबलावर आले. ओळखपत्रांवरचे गंभीर चेहरे, घामेजलेले नवरदेव, बाळांची बोळकी, सगळं काका माझ्या पोटात ठेवत. "ही आहे म्हणून मी बिनघोर," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. त्यांचा स्वतःचा मात्र एकच धड फोटो होता, काकूंनी काढलेला. त्यात काका डोळे मिटून हसत होते.

काका गेले, स्टुडिओला कुलूप लागलं. त्यांचा पुतण्या संगणकावर चित्रं करणारा चित्रकार. काकूंनी मला त्याच्या हातात दिलं.

"ह्यांचा तेवढा फोटो मला काढून दे रे बाबा."

"देतो ना, काकू."

दिला नाही. माझ्या पोटात प्रत्येक फोटो आकड्यांच्या रांगांनी लिहिलेला असतो; त्याने त्या फोटोची प्रत घेऊन तिच्यातले आकडे मुद्दाम विस्कटले. काकांचं कपाळ हिरवं पडलं, हनुवटी पट्ट्यापट्ट्यांनी सरकत कानाशी गेली. मग, "मूळ राहिलं तर नश्वरता कसली?" असं पुटपुटत त्याने मूळ फोटोही पुसला.

प्रदर्शनात ते चित्र भिंतभर झळकलं. लोक वाहवा करत होते. काकू समोर येऊन थबकल्या.

"अरे, ह्यांचा चेहरा कुठाय?"

"हेच तर दाखवायचंय, काकू. आठवणी अशाच झिजतात."

"माझी कुठे झिजली होती? तूच झिजवलीस."

तिथेच त्याच्या संगणकाला जोडलेली, टेबलावर पडून मी हे ऐकलं आणि मनाशी गाठ बांधली.

आमच्याकडे पुसलेलं लगेच जात नाही, मित्रांनो. ती जागा मोकळी समजतात, इतकंच. त्या जागेवर मी दुसरं काही उमटूच दिलं नाही. पुतण्या पुढच्या प्रदर्शनासाठी वर्षभर खपला. सगळी चित्रं माझ्यावरच; दुसरी प्रत ठेवायचा कंटाळा! सगळं पूर्ण झालं, त्या दिवशी मी टकटक करू लागले. नेमका त्याच्या चित्रांचाच भाग मी मारून टाकला.

तो दुरुस्तीवाल्याकडे धावला. फोनवर त्याचा रडवेला आवाज ऐकून काकूही तिथे आल्या.

"तुमची चित्रं गेली," दुरुस्तीवाला म्हणाला. "पुसलेला एक जुना फोटो तेवढा निघाला."

पडद्यावर काका हसत होते. काकूंनी हलकेच त्यांच्या गालावर बोट टेकलं. पुतण्या खाली मान घालून बसला, मग हुंदके देऊ लागला. काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला हात असते तर मी फिरवला नसता.

आता मी बंद पडले आहे. मित्रांनो, ज्याची आठवण त्याला वेळेवर देऊन टाका. कधी ना कधी आम्ही सगळंच विसरतो. पण कोणाचं काय आधी विसरायचं, ते आमच्या हातात असतं.