ललिताताईंची तबकड्यांची यादी

कापडे गावच्या हायस्कूलात ललिता जाधव खिचडी शिजवायची, त्याला नऊ वर्षं झाली होती. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं. भांडी घासून झाली की तासभर मोकळा मिळायचा, आणि स्वयंपाकाच्या खोलीला लागूनच वाचनालय होतं. वाचनालय बघणाऱ्या आधीच्या बाईंनी एकदा तिला पुस्तकांवरची धूळ झटकायला सांगितली. झटकता झटकता तिने एक उघडलं, ते परग्रहावरच्या जिवांचं निघालं, आणि तेव्हापासून ती त्याच कप्प्यामागे लागली. तो संपल्यावर महाडच्या एका वाचनालयाची सभासद झाली. बाजाराला गेली की पुस्तक बदलून आणायची. तिथले युसुफभाई तसलं काही नवीन आलं की तिच्यासाठी बाजूला काढून ठेवत.

हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं. तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी डोंगरावरून दिव्यांची सरळ रांग आभाळातून सरकत गेली. गावाने ती अंगणात उभं राहून पाहिली. दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा उडत्या तबकड्यांची पुस्तकं मागायला वाचनालयात. नव्या उज्वला बाई मराठी शिकवायच्या, वाचनालयही त्यांच्याकडेच. त्या गोंधळून गेल्या. समोर आलेलं एक जाड पुस्तक त्यांनी पाचवीतल्या मानसीच्या हातात ठेवलं.

दारात ललिता उभी होती, हात ओलेच. "बाई, ते तिला नका देऊ. त्यात माणसांना उचलून नेतात. पोर झोपायची नाय."

"मग कोणतं देऊ?"

"खालच्या फळीवर हिरव्या पुठ्ठ्याचं हाय, ते. आणि पोरांनो, काल दिसली ती तबकडी नव्हती. उपग्रह सोडतात ना, ते सुरुवातीला असे माळेसारखेच दिसतात."

उज्वला बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही यातली किती वाचलीत?"

"इथली सगळी. महाडची धरून एकेचाळीस."

बाईंनी तिला खुर्ची दिली, वही दिली आणि म्हणाल्या, "ललिताताई, मला यादी करून द्या. कुणी काय वाचावं आणि का, ते तुमच्या शब्दांत."

यादीला आठ दिवस लागले. एकेचाळिसांतली तिने अकराच ठेवली. पहिल्यासमोर लिहिलं, 'हे आधी वाचा. तबकडी दिसली म्हणणाऱ्या लोकांना लेखक स्वतः जाऊन भेटला आहे. मला माहीत नाही, असं तो सहा वेळा म्हणतो. म्हणून विश्वास बसतो.' दुसऱ्यासमोर, 'तारे किती लांब आहेत ते यात कळतं. मग कुणी का आलं नाही तेही कळतं.' सातव्यासमोर, 'गोष्ट चांगली. पण यान मोठ्या शहरातच उतरतं. सगळ्या लेखकांचं तिथेच का उतरतं, कळत नाही.'

मार्चमध्ये पोलादपूरला तालुक्याचा वाचन मेळावा भरला. प्रत्येक शाळेने एका विषयावरची यादी मांडायची होती. बाईंनी कापड्याच्या यादीवर ललिताचं नाव घातलं आणि तिलाच उभं केलं. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. कागद टेबलावर ठेवूनच तिने वाचला.

परीक्षकांतले एक निवृत्त प्राध्यापक कागदावरून नजर न काढता म्हणाले, "टिपणं बाईंनी लिहून दिलीत का?"

उज्वला बाई उठू लागल्या. ललिताने त्यांना हातानेच बसवलं.

"नाय, सर. माझीच हायेत. कुठलंही विचारा."

प्राध्यापकांनी आता वर पाहिलं. "अकरावं एवढं पातळ पुस्तक. त्याला 'परग्रहावरच्यांशी पहिल्या भेटीचं सगळ्यांत खरं' असं का म्हटलंत?"

"त्यात लढाई नाय. अर्धं पुस्तक होईस्तवर कुणाला कुणाचं काय कळतच नाय. तळीयेला दरड आली तेव्हा मी तिकडे भाकऱ्या थापायला गेली होती. मदतीला जवान आलेले, लांबचे. त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना. पहिल्या दिवशी नुसती बोटं दाखवायची, किती भाकऱ्या ते. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाने भाकरी हातात धरली आणि त्यांच्यात तिला काय म्हणतात ते मला शिकवलं. त्या लेखकाने तसंच लिहिलंय. आधी बोटं, मग एक शब्द. बाकीची पुस्तकं घाई करतात."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "मी विचारलं ते चुकलं, ताई," ते म्हणाले, आणि पातळ पुस्तकाचं नाव आपल्या डायरीत उतरवून घेतलं.

बक्षीस दुसऱ्याच शाळेला गेलं. ललिताच्या ते ध्यानातही राहिलं नाही. यादी मात्र तालुक्यातल्या सगळ्या शाळांना पाठवायचं ठरलं. खाली छापलं होतं, 'निवड व टिपणे : ललिता धोंडू जाधव'. नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि वाडीतल्या बुद्धविहारात नेऊन फळ्यावर लावला. महाडहून युसुफभाईंचा फोन आला, पहिल्या नंबरच्या पुस्तकाला चौघे जण थांबलेत म्हणून. "त्यांना तोवर दुसरं द्या," ललिता म्हणाली, "तेबी चालतं."

जूनपासून शनिवारचा शेवटचा तास तिच्याकडे आला. वेळापत्रकात उज्वला बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'वाचन : ललिताताई'. पहिल्याच शनिवारी अठ्ठावीस पोरं आली. बाकं पुरेनात, म्हणून तिने सगळ्यांना खाली बसवलं, स्वतः मधोमध मांडी घातली आणि पहिलं पान उघडलं.