माझ्या तेलपेटीत काय घालताय?

मी बोलतोय तो एका बंद पडलेल्या सिनेमागृहाचा प्रोजेक्टर. वेळ थोडा आहे, म्हणून जन्मकथा आवरती घेतो. ओतीव लोखंड आणि पितळ एका कारखान्यात एकत्र आलं, मी झालो, आणि पडद्यासमोरच्या उंच खोलीत मला बोल्टांनी जखडलं.

माझं काळीज म्हणजे फुलीच्या आकाराचं एक चाक. ते फिल्म एका चित्राएवढी ओढतं, क्षणभर थांबवतं, पुन्हा ओढतं. तेलाने भरलेल्या पेटीत बुडून त्याचं काम चालतं. तेल चुकलं की चाक अडखळतं, चाक अडखळलं की फिल्म फाटते, आणि फिल्म दिव्यासमोर थांबून राहिली तर जळते. एवढं कळलं की माझं सगळं कळलं.

मला चालवणाऱ्या ऑपरेटरला सगळे मास्तर म्हणत. तेलाचा थेंब ते चिमटीत धरून बोटं हळूच फाकवायचे. तार धरली तर तेल पास. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या पेटीला लावायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टर नाडी पाहतो तसे ते मला ऐकायचे. तेव्हा माझ्या पाठीशी कार्बनच्या कांड्यांचा दिवा पेटायचा, खोलीची भट्टी व्हायची. त्या धगीत दाट तेलच टिकायचं, आणि मास्तर दाटच घालायचे. ते बरोबर होतं.

मग सिनेमागृह बंद झालं. खुर्च्या विकल्या गेल्या. मला कोणी विकत घेतलं नाही म्हणून मी राहिलो. दरम्यान मास्तरांचे कान गेले. त्यांनी ते कबूल केलं नाही. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्यांचीच उलटी तक्रार असायची.

मला पुन्हा जागं केलं ते मास्तरांच्या गल्लीने. गल्ली पाडायची नोटीस निघाली होती. ही घरं रस्त्याच्या आखणीनंतर चोरून उभी राहिली, असं कचेरीचं म्हणणं. खोटं होतं ते. आखणीच्या कितीतरी आधी, पाणी उकळून प्या असं सांगणारी एक प्रचारफिल्म कुणीतरी याच गल्लीत काढली होती, आणि सुरुवातीच्या पाटीवर वर्ष होतं. तिची एकुलती एक प्रत सिनेमागृहाच्या कपाटात सापडली. अधिकारी म्हणाले, दुपारी येतो, डोळ्यांनी पाहतो, संध्याकाळी निर्णय. फिल्म दुसरीकडे नेण्याइतकी सवड त्यांनी दिलीच नाही. कागद हलवायला वर्षं घेणारी माणसं घर पाडताना किती चपळ होतात!

सकाळपासून माझ्याभोवती गर्दी. प्रत्येकाकडे तेल होतं. शिवणकाम करणाऱ्या मावशी मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. माझी मशीन याच्यावर लोण्यासारखी चालते, म्हणाल्या. ते इतकं पातळ की फुलीच्या टोकांवर ठरलंच नसतं. टेम्पोवाल्याने गाडीचं इंजिन ऑइल आणलं. त्यात मळ धरून ठेवणारी औषधं असतात. गाडीत तो मळ गाळणारी जाळी असते, माझ्या पेटीत कुठली? तोच मळ घेऊन चाक दळत बसलं असतं. मास्तरांनी दोघांनाही हाताने मागे सारलं आणि आपल्या जुन्या डब्यातलं दाट तेल काढलं. चिमटीत धरलं. लांब तार आली. पेटी भरली.

आता कांड्या मिळत नाहीत. मास्तरांच्या लेकीने माझ्यात बल्ब बसवला होता. ती पंप आणि मोटारी दुरुस्त करते. खोली गार होती. एका जुन्या जाहिरातीचा तुकडा लावून मला चालवलं, आणि मी कण्हलो. तेल मधासारखं चाकाला धरून बसलं होतं. मोटारीचा पट्टा घसरत होता. तुकड्याच्या कडेची, माझे दात अडकतात ती दोन भोकं फाटली.

मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर कानामागे लावला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "ठणठणीत."

गल्लीने सुटकेचा श्वास टाकला. मास्तरांपुढे कोण बोलणार? मी ओरडत होतो आणि ऐकत होती फक्त लेक. तिने त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. त्यांचा तळवा पेटीवर टेकवला आणि वर आपला हात दाबून धरला.

पेटीची धडधड त्यांच्या तळव्यात शिरली. मग तिच्या ओठांकडे पाहत त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"कशाचं विचारताय बाबा, पेटीचं की कानांचं?"

मास्तर हसले नाहीत. "काढ सगळं," ते म्हणाले. "वरून नुसतं ओतू नकोस. आधी धुऊन घे. दोन तेलं एकमेकांत गेली तर चिकट गोळा होतो."

तिच्या दुकानात साधं खनिज तेल होतं, ना दाट ना पातळ, कसलंही औषध न घातलेलं. टेम्पोवाला ते आणायला धावला. माझी पेटी उघडी पडली होती, रॉकेलने धुतली जात होती, आणि त्याच वेळी खाली अधिकाऱ्यांची गाडी लागली. त्यांनी उभ्याउभ्याच घड्याळ पाहिलं. मावशींनी त्यांना गल्लीची अख्खी वंशावळ ऐकवायला घेतली, तीही पणजोबांपासून. साहेबांना निघता येईना.

तेल आलं. भरलं. मी फिरलो. पाटी आली, वर्ष आलं, मग गल्ली आली: नळ, कळशी घेतलेली बाई, मागे निळं दार आणि त्यावर घराचा क्रमांक.

"थांबवा तिथे," खालून साहेब म्हणाले.

लेकीचा हात बटणाकडे गेला आणि हवेतच राहिला. थांबवलं असतं तर तेच दार जळालं असतं. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "थांबवलं की जळतं साहेब. पुन्हा दाखवते. हवं तितक्या वेळा."

त्यांनी पुन्हा पाहिली. मग आणखी एकदा. दर वेळी वाळलेली फिल्म माझ्या दातांवरून सरकताना करकरायची. मास्तरांनी पेटीवरचा तळवा काढला नाही; त्या हाताचा घाम मला कळत होता. मी अडखळलो नाही. शेवटी साहेबांनी क्रमांक मोठ्याने वाचला आणि जागेवर मोजणी होईपर्यंत एका विटेलाही हात लावायचा नाही, असं सोबतच्या कारकुनाला सांगितलं.

गल्ली वाचली असं मी म्हणणार नाही. तिला मुदत मिळाली आहे. परवा मोजणीवाले येतील, त्यांनाही फिल्म पाहायची आहे. मी म्हातारा आहे. इतक्या फेऱ्यांनंतर पेटीच्या काचेतून पाहिलं तर तेलात माझ्याच झिजलेल्या पितळेची बारीक चमक तरंगताना दिसते. लेकीने अजून पाहिलेली नाही. कुणीतरी तिला सांगा. हे तेल बदला, आणि मगच दिवा लावा.